तपासणीचा पहिला तुकडा कुठे काढायचा: गावाजवळ की परळला?

आमच्या राजापूरच्या आत्याची कवळी एका बाजूने बसेना, तिथून सुरुवात. "कवळीच चावते मेली," म्हणत तिने दोन महिने काढले. जबड्यावरची गाठ दुखत नव्हती. दातांच्या डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिक दिलं. त्यांना तरी काय बोलणार? जबडा सुजला की बहुतेकदा मूळ दातातच सापडतं. आत्याचा निघाला सॉफ्ट टिश्यू सार्कोमा, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या मऊ भागांचा कॅन्सर; तो मोठ्या माणसांच्या कॅन्सरमध्ये शंभरात एकही नसतो, जबड्यात तर त्याहून दुर्मीळ.

जवळच्या सर्जनकडे उत्तर झटपट मिळतं: गाठ काढू, तपासायला पाठवू. खर्च कमी, घरचं जेवण. इथेच घात होतो. सार्कोमाभोवतीचं आवरण फसवं असतं; गाठ सोलून काढली तरी पेशी बाहेर उरतात आणि दुसरं ऑपरेशन जास्त मोठं होतं. परळच्या टाटा मेमोरियल या कॅन्सर हॉस्पिटलला रांगा आहेत, राहण्याची पंचाईत आहे. पण अशा ठिकाणी आधी एमआरआय, मग जाड सुईने तुकडा (बायोप्सी), तोही अशा वाटेने की पुढे ऑपरेशनमध्ये ती वाटसुद्धा कापून काढता यावी. छातीचा सीटीही सांगतात, कारण हा आजार बहुधा रक्तातून फुप्फुसात जातो. तंबाखूच्या कॅन्सरसारखा आधी मानेच्या गाठींत नाही.

बायोप्सी गावाकडे झालीच असेल, तर नुसता रिपोर्ट नेऊ नका. लॅबमधून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) मागून घ्या. ब्लॉक काडेपेटीपेक्षा लहान, आम्ही तो स्टीलच्या डब्यात कापूस घालून नेला. त्यावरच पुढच्या तपासण्या होऊन नेमका प्रकार ठरतो. रॅब्डोमायोसार्कोमा निघाला तर केमो बहुतेक लागतेच. इतर बऱ्याच प्रकारांत भिस्त ऑपरेशनवर.

ऑपरेशन मुंबईलाच, माझं मत पक्कं. जबड्याचं हाड गेलं तर पायातलं फिब्युला हे बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट तिथे जोडतात. ते रोज करणारे हात हवेत.

रेडिएशनचं मात्र उलट. आठवड्याला पाच दिवस, साधारण सहा आठवडे. पेजेवर असलेल्या माणसाला तेवढे दिवस मुंबईत ठेवण्यापेक्षा चिपळूणजवळचं डेरवण किंवा कोल्हापूर जमेल का, हे टाटाच्याच डॉक्टरांना विचारा. किडके दात आधी काढून घ्या; रेडिएशननंतर जबड्याची जखम लवकर भरत नाही.

कोकणकन्या एक्स्प्रेसने रात्री निघालं की पहाटे दादर. कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वेच्या तिकिटात सवलत असते. तिचा फॉर्म हॉस्पिटलात पहिल्याच खेपेला मागा. आम्हाला तिसऱ्या खेपेला सुचलं.