शंकरपाळी आणि पाथ : इंकस्केप वापरून पाहिल्यावर

सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या एका चादर विक्रेत्याच्या संकेतस्थळासाठी सोलापुरी चादरीवरची नक्षी एसव्हीजी स्वरूपात, म्हणजे रेषा आणि आकार आकड्यांत लिहून ठेवणाऱ्या चित्रफाइलीत, काढून देण्याचे काम माझ्याकडे आले, आणि त्यासाठी मी इंकस्केप हे चित्रे काढण्याचे मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर निवडले. २००३ साली सोडिपोडी या प्रकल्पातून वेगळे झालेले हे सॉफ्टवेअर १.० या आवृत्तीपर्यंत मे २०२० मध्ये पोहोचले.

सुरुवातीला मी चादरीचा फोटो घेऊन ट्रेस बिटमॅपची, म्हणजे फोटोवरून आपोआप रेषा काढून देणारी सोय वापरली. पडद्यावर चित्र ठीक दिसले, पण प्रत्येक धाग्याची कड वेगळी धरली गेल्यामुळे एका शंकरपाळीच्या आकाराला शेकडो नोड, म्हणजे रेषेला आकार देणारे बिंदू, पडले. हा दोष सॉफ्टवेअरचा म्हणता येणार नाही, कारण त्याला विणीचा पोत आणि नक्षीची रेषा यांतला फरक कळणे शक्यच नव्हते. मी ते सारे पुसून ग्रिडवर हाताने आकार काढला.

खरी गंमत इथून पुढे आहे. जॅकार्डच्या, म्हणजे मागावरच नक्षी विणण्याच्या पद्धतीच्या, विणीत तिरकी रेषा सरळ तिरकी नसते. ताण्याबाण्याच्या एकेका घराने ती पायऱ्यापायऱ्यांनी वर चढते. पाथच्या, म्हणजे एसव्हीजीत आकाराची रेषा अक्षरे-आकड्यांनी सांगणाऱ्या ओळीच्या, भाषेत याला नेमके शब्द आहेत : लहान लिपीतले एच म्हणजे आहे तिथून आडवे जाणे, लहान व्ही म्हणजे उभे जाणे. 'एच ८ व्ही -८' ही जोडी म्हणजे उजवीकडे आठ आणि वर आठ. वेबवर वायचा अक्ष खाली वाढत असल्याने वर जायला उणे लागते, हे नवख्याने आधीच लक्षात ठेवावे. मोठ्या लिपीत लिहिल्यास तेच आकडे मूळ बिंदूपासून मोजले जातात आणि आकार भलतीकडेच जातो. शेवटी झेड दिला की आकार बंद होतो.

इंकस्केपबद्दल मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे त्यातला एक्सएमएल एडिटर, म्हणजे चित्रामागचा मजकूर दाखवणारी खिडकी. आकार निवडला की त्याच्या 'डी' या गुणधर्मातली पाथची ओळ समोर येते, आणि तिथला आकडा बदलला की चित्रही बदलते. नक्षीतल्या मोराच्या मानेसाठी सी हा वक्र वापरताना, वळण ठरवणारी दोन हँडल आणि शेवटचा बिंदू असे तीन बिंदू कसे ओढ देतात, हे कोणत्याही धड्यापेक्षा इथे लवकर समजते.

फाइल साठवताना मात्र काळजी घ्यावी लागते. मूळ स्वरूपात इंकस्केप स्वतःच्या कामाची बरीच माहिती सोबत ठेवते, म्हणून संकेतस्थळासाठी 'प्लेन एसव्हीजी' निवडावे, आणि पसंतीच्या खिडकीत आकड्यांची अचूकता आठ अंकांवरून चारवर आणावी; आमच्या नक्षीत त्याने डोळ्यांना काहीही फरक पडला नाही.

काम दाखवायला गेलो तेव्हा दुकानदारांनी गल्ल्यावरच चादर उलगडली, शंकरपाळीच्या एका बाजूवर बोट ठेवून पायऱ्या मोजल्या, मग मोबाइलवर मोजल्या. "साहेब, बारा हव्यात, तुमच्या अकराच आहेत," ते म्हणाले. तिथेच लॅपटॉप उघडून चारही बाजूंना एच आणि व्हीची एकेक जोडी वाढवली.