शाळेची वाट: डांबरी रस्ता की पाणंद?

कोल्हापूर-सांगलीकडच्या मळ्यातल्या वस्त्यांना गावातल्या शाळेत जायला बऱ्याचदा दोन वाटा असतात. एक डांबरी रस्त्याने फेऱ्याची, दुसरी उसातून ओढा ओलांडून जाणारी पाणंद. पाणंद जवळची, म्हणून पोरं आपणहून तीच धरतात. गाड्यांपासून लांब म्हणून पालकांनाही ती बरी वाटते. मला विचाराल तर माझा कल रस्त्याकडे आहे. जागेगणिक उत्तर बदलेल, हेही खरं.

रस्ता तपासायचा तर ज्या ठिकाणी मुलं ओलांडतात तिथे उकिडवे बसा. पहिलीतल्या पोराची नजर जमिनीपासून जेमतेम मीटरभर उंच असते. तुम्हाला उभ्याने जो ट्रॅक्टर दिसतो, तो त्याला घाणेरीच्या झुडपाआड किंवा मोरीच्या कठड्याआड असतो. ही पाहणी सप्टेंबरअखेर करावी. मे महिन्यात सगळेच रस्ते मोकळे दिसतात.

आता हिशेब. एकपदरी रस्ता पावणेचार मीटरचा. लहान मूल सेकंदाला साधारण मीटरभर चालतं, म्हणजे चार सेकंद, आणि बघून ठरवायला आणखी दोन. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्यात ८० मीटरांहून जास्त अंतर कापते. म्हणून दोन्ही बाजूंना शंभर मीटर मोकळी नजर नसेल तर ओलांडायची जागा बदला. टेप नसेल तर गाडी दिसल्यापासून ती समोर येईपर्यंत आकडे मोजा. आठाच्या आत आली तर जागा वाईट.

चालायचं उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं. फक्त उजवीकडे वळणाऱ्या आंधळ्या वळणावर उलट करावं लागतं. तिथे मुलं वळणाच्या आतल्या कडेला येतात आणि समोरचा चालक त्याच कडेला चिकटून वळतो. वळणाच्या बरंच आधी, नजर मोकळी असेल तिथे, डावीकडे जायचं आणि वळण संपलं की परत यायचं.

साइडपट्टीकडे, म्हणजे डांबराच्या कडेच्या मातीच्या पट्टीकडे, बारकाईने बघा. डांबराचे थर चढत जातात, पट्टी पावसाने खचते आणि वीतभर पायरी तयार होते. मुलं तिथे उतरायला कचरतात आणि डांबरावरच चालत राहतात. मुरूम टाकून दाबून घेतला की हे सुटतं. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घेऊन मागणी करा. रस्ता जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम खात्याचा, ते आधी विचारून घ्या, नाहीतर अर्ज फिरत राहतो. मोरीवर बाजूला व्हायला जागाच नसते, म्हणून गाडीचा आवाज आला की मोरीवर पाऊल टाकायचं नाही, हा नियम मुलांकडून पाठ करून घ्या.

गळीत हंगामात रस्ता खरोखर वाईट होतो. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, बाहेर आलेला ऊस, आणि मागची ट्रॉली झोल खात येते. पहिली ट्रॉली गेली की मुलं पाऊल उचलतात, तिथे घात होतो. शनिवारी सकाळची शाळा असेल तर जानेवारीत अंधारात आणि धुक्यात निघावं लागतं. दप्तराला मागून-पुढून चमकणारी पट्टी शिवून घ्या.

पाणंदीचे धोके वेगळे. बिनकठड्याच्या विहिरी, पाण्याच्या मोटारीच्या जोड दिलेल्या वायरी, डुकरं आणि गवे अडवायला कुंपणात सोडलेला करंट. शिराळा, कराडच्या पट्ट्यात उसात बिबट्याही असतो. ऊस डोक्याच्या वर गेला की दहा पावलांवरचं दिसत नाही. तरीही यातलं बरंचसं शेतकऱ्यांशी बोलून सुटतं: विहिरीला काटेरी तार, वायरीला पाइप, वाटेकडेच्या दोन सऱ्या मोकळ्या.

न सुटणारी गोष्ट म्हणजे ओढा, आणि तोही संध्याकाळचा. सकाळी मुलं घोटाभर पाण्यातून जातात. दुपारी वर घाटमाथ्याकडे पाऊस कोसळतो, वस्तीवर ऊन असतं आणि पाच वाजता फरशीवरून, म्हणजे ओढ्यातल्या बुटक्या पक्क्या वाटेवरून, लाल पाणी वाहत असतं. सकाळी गेलेलं पोर तेच ठिकाण ओळखीचं समजून उतरतं. पाणी गढूळ असल्याने फरशीची कड दिसत नाही, खाली शेवाळ असतं, आणि ओढ असली की नडगीभर पाणीही लहान मुलाचे पाय उचलतं. पाणी इथवर आलं की उतरायचं नाही, असा लाल पट्टा खांबाला मारला तरी तो वाचून मागे फिरायचा निर्णय आठ वर्षांच्या मुलावर पडतो. मागे फिरणं म्हणजे पुन्हा शाळेपर्यंत जाऊन रस्त्याचा फेरा, आणि भूक लागलेली. रस्त्यावरचा धोका मोठा आहे, पण सकाळी होता तोच संध्याकाळी असतो, म्हणून तो शिकवता येतो. माझ्या लेखी याच एका कारणाने पारडं रस्त्याकडे झुकलं.

ओढ्यावर कठड्याचा, पुराच्या खुणेच्या वर असलेला साकव, म्हणजे पायी जायचा छोटा पूल, असेल, तर माझं हे म्हणणं उरत नाही. नसेल, तर जून ते ऑक्टोबर पाणंद पूर्ण बंद. त्यानंतर ओढा कोरडा आणि वाटेकडेचा ऊस तुटलेला असेल तर ट्रॅक्टरांच्या गर्दीचे महिने मोठ्या मुलांसोबत पाणंदीने जायला हरकत नाही. कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाळीने सोडलेलं पाणी, त्याच ओढ्यात उतरत असेल तर मात्र ते सोडणाऱ्या पाटकऱ्याला तारखा विचारून ठेवा, आणि त्या दिवसांत रस्ताच धरा.

मुळात पहिली ते पाचवीला एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीला तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, असा शिक्षण हक्काचा नियम आहे. रस्त्याने मोजलेलं अंतर त्यापेक्षा जास्त भरत असेल तर मुख्याध्यापकांकडे वाहतूक भत्त्याचा अर्ज द्या, आणि त्यात पाणंदीचं अंतर का धरू नये ते ओढ्याच्या पावसाळ्यातल्या फोटोसह लिहा.