श्ट्रालझुंडमध्ये एकच दिवस आहे: कोणतं संग्रहालय बघाल?

बर्लिनमध्ये राहणाऱ्यांना समुद्र गाठायचा झाला की जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्यावरच्या श्ट्रालझुंडचं नाव निघतंच. रिजनल गाडीने, म्हणजे डॉइचलांड-तिकिटावरच (देशभरातल्या स्थानिक गाड्यांचा मासिक पास), तीन तासांच्या आसपास लागतात आणि गाडीही बदलावी लागत नाही. गाव जेमतेम 60 हजार वस्तीचं. जुनं गाव तर पाण्याने वेढलेलं, लाल विटांचं, 2002 पासून विस्मार या गावासोबत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाता येतं. अडचण अंतराची नाही, एवढ्याशा गावात संग्रहालयं फार आहेत ही आहे. सगळी एका दिवसात उरकायला गेलं तर संध्याकाळी फक्त पाय दुखलेले आठवतात.

खरी निवड दोनांतली आहे: बंदरावरचं ओत्सेआनेउम आणि गावातलं मेरेसम्युझेउम. दोन्ही एकाच संस्थेची, दोन्ही समुद्राबद्दलची, दोन्हींत मत्स्यालय. म्हणूनच लोकांना वाटतं की एक पाहिलं की दुसरं पाहिल्यासारखंच. तसं अजिबात नाही.

ओत्सेआनेउम 2008 मध्ये उघडलं. गोदामांच्या लाल विटांच्या रांगेत वाऱ्याने फुगलेल्या शिडांसारख्या पांढऱ्या भिंती उभ्या आहेत, त्यामुळे पत्ता विचारावा लागत नाही. 2010 मध्ये त्याला युरोपियन म्युझियम ऑफ द इयर हा पुरस्कार मिळाला आणि तेव्हापासून गर्दी काही हटलेली नाही. पण त्याचं वेगळेपण इमारतीत नाही, मासे कुठले ठेवलेत त्यात आहे. रंगीबेरंगी प्रवाळमासे जगातल्या कुठल्याही मत्स्यालयात दिसतात. इथे थंड समुद्र आहेत: बाल्टिक, नॉर्थ सी आणि उत्तर अटलांटिक. सुरुवात होते ती श्ट्रालझुंडच्याच बंदराच्या तळापासून, म्हणजे काचेपलीकडच्या पाण्यात काय राहतं ते काचेच्या टाकीत बघायचं. तिथून पुढे पाणी हळूहळू खारट होत जातं. बाल्टिकचं पाणी निमखारं, त्यामुळे तिथे गोड्या पाण्यातले मासे आणि समुद्रातले मासे शेजारी शेजारी राहतात, ही गोष्ट फलक न वाचताही लक्षात येते. हेरिंगचा थवा एकत्र वळतो तेव्हा आख्खी टाकी चमकते. या गावाने शतकानुशतकं ज्या माशावर पोट भरलं तो हाच, हे माहीत असेल तर त्या टाकीसमोर जरा जास्त वेळ जातो.

शेवटची मोठी टाकी 26 लाख लिटरची. बहुतेक जण तिथे फोटो काढून निघतात. तसं करू नका, कारण पुढचं दालन चुकवायचं नाही. उंचच उंच अंधाऱ्या जागेत देवमाशांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती टांगल्या आहेत. ग्रीनपीसच्या सहकार्याने हे दालन उभं राहिलं. सर्वांत मोठा निळा देवमासा 26 मीटरचा, आणि एका बाजूला स्पर्म व्हेल महाकाय म्हाकुळाशी (जायंट स्क्विड) झुंजतोय. खाली आडवं व्हायला आरामखुर्च्या ठेवल्यात. तिथे पडून वर बघायचं, दिवे बदलत जातात, पाण्याखालचे आवाज येतात. लहान मुलं एरवी दोन मिनिटं एका जागी बसत नाहीत, ती इथे गप्प पडून राहतात. गच्चीवर हम्बोल्ट पेंग्विन आहेत. त्यातल्या एकीचं पालकत्व माजी चान्सलर अँगेला मेर्कल यांनी घेतलं होतं. हा तेव्हा त्यांचा मतदारसंघ होता, म्हणून. पेंग्विनचा या उत्तरेकडच्या समुद्रांशी संबंध काय, असं विचारू नका, हे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. पण मुलांना आवडतात, आणि गच्चीवरून बंदर छान दिसतं.

तोटे? गर्दी आणि आवाज. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस पडला की र्‍युगेन बेटावर सुट्टीला आलेली सगळी कुटुंबं इथेच येतात. तेव्हा तिकीट आधी ऑनलाइन काढून सकाळी दार उघडताच आत शिरणं हाच उपाय.

आता मेरेसम्युझेउम. 1251 मध्ये स्थापन झालेल्या डोमिनिकन मठाच्या चर्चमध्ये हे संग्रहालय आहे. धर्मसुधारणेनंतर मठ गेला, चर्चमध्ये पुढे दारूगोळा आणि शस्त्रं साठवली गेली. निसर्गसंग्रह इथे आला तो 1951 मध्ये, पूर्व जर्मनीच्या काळात. 1974 मध्ये चर्चच्या आत पोलादी सांगाडा उभारून नवे मजले केले, मूळ खांबांना आणि कमानींना धक्का न लावता. त्यामुळे आज तुम्ही मजल्यावर उभे असता आणि गॉथिक कमानीची वरची टोकं हाताच्या अंतरावर येतात. जमिनीवरून मान वर करून बघायची ती गोष्ट इथे डोळ्यांच्या पातळीवर दिसते. काही वर्षं नूतनीकरणासाठी बंद होतं, 2024 मध्ये पुन्हा उघडलं.

जिथे एकेकाळी वेदी असायची त्या भागात फिन व्हेलचा 15 मीटर लांब सांगाडा टांगलेला आहे. हा देवमासा 1825 मध्ये र्‍युगेनच्या किनाऱ्याला लागला होता. ओत्सेआनेउममधल्या प्रतिकृती थक्क करतात, पण त्या प्रतिकृती आहेत. इथे खरी हाडं आहेत, पिवळट, मणक्यामागे मणका, आणि मागे चर्चच्या उंच खिडक्यांतून येणारा उजेड. दुसरी गोष्ट लेदरबॅक कासव. 1965 मध्ये ते चुकत चुकत श्ट्रालझुंडजवळच्या पाण्यात आलं आणि मच्छीमारांच्या जाळ्यात सापडलं. वजन साडेचारशे किलोच्या आसपास. आपल्याकडे वेळासला अंडी घालायला येणारं ऑलिव्ह रिडले चाळीस-पंचेचाळीस किलोचं असतं, म्हणजे त्याच्या दहापट. लेदरबॅकच्या पाठीला कठीण कवच नसतं, कातड्यासारखं आवरण आणि लांब उभ्या कडा असतात, त्या जवळून बघा.

उष्ण समुद्रातले मासे, प्रवाळ, जिवंत कासवं हे सगळं इथेच आहे, ओत्सेआनेउममध्ये नाही. त्यामुळे मुलाला ‘निमो’ बघायचाच असेल तर इथे या. पण मला विचाराल तर इथे मत्स्यालय दुय्यम आहे. ते चर्च, ती हाडं आणि समुद्राचा अभ्यास माणसाने कसा केला त्याच्या वस्तू, यासाठी यायचं.

तर निवड अशी. सोबत दहा-बारा वर्षांच्या आतली मुलं असतील किंवा आयुष्यात एकदाच येणार असाल, तर ओत्सेआनेउम. मोठी माणसंच असाल, जुन्या इमारती आवडत असतील आणि गर्दीचा कंटाळा असेल, तर डोळे झाकून मेरेसम्युझेउम. पहिलं जास्त गाजलेलं आहे, दुसरं जास्त चांगलं आहे, असं माझं मत. भारतातून आई-बाबा आले असतील तर मी त्यांना दुसरंच दाखवेन, फक्त मजल्यांवर चढउतार आहे हे लक्षात ठेवून. एकाच दिवशी दोन्ही करू नका. दुसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत मासा म्हणजे मासा एवढंच उरतं.

मग उरलेल्या वेळात काय? ओत्सेआनेउमजवळच गोर्ख फोक हे शिडाचं जहाज आहे. 82 मीटर लांब, 1933 मध्ये हॅम्बर्गच्या ब्लोम उंड फॉस गोदीत बांधलेलं. आधीचं प्रशिक्षण जहाज 1932 मध्ये वादळात उलटून 69 जण बुडाले, त्याच्या जागी हे घाईघाईने बांधलं. 1945 मध्ये रशियन फौजा येताना जर्मनांनीच ते इथल्या पाण्यात बुडवलं. सोव्हिएत लोकांनी वर काढून त्याचं ‘तोवारिश्च’ केलं, मग ते युक्रेनकडे गेलं आणि 2003 मध्ये, जिथे बुडालं होतं त्याच गावात परत आलं. आज जर्मन नौदल वापरतं ते गोर्ख फोक वेगळं, 1958 चं. जहाजात फार काही मांडलेलं नाही, दोरखंड, डेक आणि इतिहास एवढंच. जहाजांचं वेड असेल तर चढा, नसेल तर धक्क्यावरून फोटो पुरे. डागडुजीसाठी जहाज गोदीत जातं, त्यामुळे आधी चौकशी करा.

गावाचं म्हणून जे संग्रहालय आहे ते 1858 पासूनचं, आणि मठाच्याच आवारातलं. ते प्रसिद्ध आहे हिडेन्झेच्या सोन्यामुळे: दहाव्या शतकातले व्हायकिंग दागिने, सगळे मिळून सहाशे ग्रॅमच्या आसपास, 1872 च्या मोठ्या वादळी भरतीनंतर हिडेन्झे बेटावर सापडलेले. त्या क्रूसाच्या आकाराच्या लोलकांवर पक्ष्याची चोच कोरलेली असते, ती एकदा कळली की प्रत्येकात दिसायला लागते. मात्र जुन्या इमारतीत दुरुस्त्या चालू असतात आणि दालनं बदलतात, तेव्हा दागिने बघायलाच जाणार असाल तर कोणतं दालन उघडं आहे हे निघण्याआधी तपासा.

याच संग्रहालयाचं एक छोटं घर म्योंखश्ट्रासे 38 वर आहे, आणि ते माझ्या आवडीचं. चौदाव्या शतकातलं व्यापाऱ्याचं घर, वर निमुळतं होत गेलेलं. तळमजल्यावर दुकान, वर माल, माळ्यावर ते सगळं वर ओढायचं लाकडी चाक, अजून जागेवर. जिने अरुंद, फळ्या करकरतात. फारसं वाचावं लागत नाही, तासाभरात होतं. मेरेसम्युझेउमच्या दिवसाला हेच जोडा, कारण दोन्ही चालत काही मिनिटांवर आहेत.

डेनहोल्म बेटावरच्या नाउटिनेउममध्ये मासेमारीच्या होड्या आणि ‘हेल्गोलांड’ ही 1960 च्या दशकाअखेरची पाण्याखालची प्रयोगशाळा ठेवली आहे. इंजिनीअर मंडळींना आवडेल, पण हिवाळ्यात बंद असतं आणि वाट वाकडी करून जावं लागतं. दोन दिवस असतील तरच.

जेवणासाठी बंदरावर मासळी-पाव मिळतो. बिस्मार्क हेरिंग हा व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या हेरिंगचा प्रकार आपलाच, असा श्ट्रालझुंडचा दावा आहे. कांद्यासकट घ्या. ओत्सेआनेउमचा बेत असेल तर टाकीतला थवा बघून झाल्यावर खावा की आधी, हे मात्र मुलांच्या वयावर ठरवा.