‘सायबर लॉ टूलकिट’: सायबर युद्धाच्या कायद्यासाठी एक मोफत आणि भरवशाचे संकेतस्थळ

जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या मालवेअरमुळे, म्हणजे संगणकात शिरून नासधूस करणाऱ्या प्रोग्राममुळे, न्हावा शेवा येथील जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले आणि कंटेनरची चढ-उतार रखडली. हल्ल्याचा रोख युक्रेनवर होता. २०१८ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने त्याचा ठपका रशियन सैन्यावर ठेवला, २०२० मध्ये अमेरिकेने रशियाच्या लष्करी गुप्तचर यंत्रणेतील सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र दाखल केले. रशियाने मात्र हे आरोप फेटाळले. एका देशाच्या सैन्याने दुसऱ्यावर सोडलेले मालवेअर तिसऱ्याच देशातील बंदराचे काम थांबवत असेल, तर कोणता कायदा मोडला गेला आणि त्याचा जाब कोणी कोणाला विचारायचा? हा प्रश्न ज्यांना खरोखर पडतो, त्यांच्यासाठी ‘सायबर लॉ टूलकिट’ या संकेतस्थळाइतके उपयुक्त दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही.

मे २०१९ मध्ये हे संकेतस्थळ सुरू झाले. एस्टोनियाची राजधानी टॅलिन येथील नाटोशी संलग्न सायबर संरक्षण केंद्र, रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती, ब्रिटनमधील एक्सेटर विद्यापीठ, चेक प्रजासत्ताकाची राष्ट्रीय सायबर सुरक्षा संस्था आणि चीनमधील वुहान विद्यापीठ यांच्या सहकार्यातून ते उभे राहिले. नाटोच्या वर्तुळातील केंद्र आणि चिनी विद्यापीठ या विषयावर एकत्र काम करतात, ही आजच्या काळात लहानसहान गोष्ट नव्हे. वापरण्यासाठी पैसे लागत नाहीत, नोंदणीही करावी लागत नाही.

टॅलिनच्या याच केंद्राच्या पुढाकाराने तयार झालेले ‘टॅलिन मॅन्युअल’, म्हणजे आंतरराष्ट्रीय कायदा सायबर कारवायांना कसा लागू होतो हे सांगणारे तज्ज्ञांचे पुस्तक, अभ्यासकांना परिचित आहे. त्याच्या २०१७ च्या दुसऱ्या आवृत्तीत १५४ नियम आहेत. पण नियम पाठ असणे वेगळे आणि समोर घडलेल्या घटनेला ते लावणे वेगळे. टूलकिट हे दुसरे काम करते. प्रत्येक पानावर एक काल्पनिक प्रसंग असतो, त्यातील घटनांना परिच्छेदवार क्रमांक दिलेले असतात, मग प्रत्यक्षात घडलेली तशीच उदाहरणे येतात, त्यानंतर कायदेशीर विश्लेषण आणि शेवटी तपासून पाहायच्या प्रश्नांची यादी. सार्वभौमत्व किंवा बळाचा वापर यांसारखी संकल्पना आली, की तिथेच एक चौकट उघडून तिचा अर्थ आणि त्यावरचे मतभेद वाचता येतात. वाचताना हातातला धागा सुटत नाही, तो या मांडणीमुळे.

महाराष्ट्रातील वाचकाला तिसरा प्रसंग जवळचा वाटेल. त्यात एका देशाची गुप्तचर यंत्रणा दुसऱ्या देशातील औद्योगिक नियंत्रण प्रणालीच्या पुरवठा साखळीत शिरते आणि वीज जाळे कोलमडून पडते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई अंधारात गेली, तेव्हा हाच प्रश्न आपल्या दारात आला होता. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या अहवालाच्या आधारे घातपाताची शक्यता बोलून दाखवली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी कारण मानवी चूक असल्याचे सांगितले. कारण काहीही असो, आपल्याकडची चर्चा ‘हल्ला झाला की नाही’ यापुढे सरकलीच नाही. हल्ला झालाच असेल, तर तो संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम २(४) खालील बळाचा वापर ठरतो का, स्वसंरक्षणाचा हक्क देणारे कलम ५१ लागू होण्याइतका गंभीर ठरतो का, की केवळ सार्वभौमत्वाचा भंग ठरतो, यावर सैन्याने काय करावे हे अवलंबून असते, आणि हे टप्पे एकेक करून तपासण्याची शिस्त या पानातून शिकता येते.

माझ्या मते सर्वांत मोलाचा आहे तो बारावा प्रसंग. युद्ध चालू असताना एका देशाचे सैन्य शत्रूच्या विविध माहितीसाठ्यांवर हल्ले करते: काही साठे लष्करी, काही नागरिकांच्या नित्य गरजांचे. मानवतावादी कायद्यानुसार, म्हणजे युद्धात काय करता येते याच्या नियमांनुसार, हल्ला फक्त लष्करी लक्ष्यावर करता येतो आणि नागरी ‘वस्तूं’ना संरक्षण असते, मग रुग्णालयातील नोंदी किंवा बँकेतील खाती ही वस्तू आहे का? टॅलिन मॅन्युअलच्या बहुसंख्य तज्ज्ञांनी ‘नाही’ म्हटले, कारण माहितीला हात लावता येत नाही. इस्रायलची भूमिका त्याच वळणाची आहे. फ्रान्सने मात्र २०१९ मध्ये नागरी, बँकिंग आणि वैद्यकीय माहितीलाही संरक्षण मिळते असे जाहीर केले, आणि रेडक्रॉसचा आग्रह असा की, कागदांच्या जागी संगणकीय नोंदी आल्या म्हणून नागरिकांचे संरक्षण कमी होऊ नये. टूलकिट हा वाद मिटल्याचा आव आणत नाही. दोन्ही बाजू पुराव्यासह समोर ठेवते. मला रेडक्रॉसची बाजू पटते. ज्या जगात जमिनीचा सातबारासुद्धा सर्व्हरवर आहे, तिथे तो पुसून टाकणे म्हणजे ‘हल्ला’ नव्हे, असे म्हणणारा अन्वयार्थ नागरिकांना वाऱ्यावर सोडतो.

सायबर शस्त्रांची वापरापूर्वी कायदेशीर तपासणी करण्यावरील दहावा प्रसंगही चांगला आहे, जरी जिनिव्हा करारांना जोडलेल्या ज्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलच्या कलम ३६ भोवती ती चर्चा फिरते, त्याचा भारत पक्षकार नाही.

उणिवा आहेत, आणि त्या किरकोळ नाहीत. बहुतेक प्रसंगांत हल्ला कोणी केला हे कथानकातच सांगून टाकलेले असते. प्रत्यक्षात सेनाधिकाऱ्यापुढचा सर्वांत अवघड पेच तोच असतो. भाषा कायद्याच्या अभ्यासकांची आहे. वार्ताहराला किंवा अभियंत्याला पहिल्या काही पानांत दम लागेल. देशांच्या अधिकृत भूमिकांचा विभाग अत्यंत उपयोगी, पण त्यात युरोपीय आवाज फार मोठा आहे. हा दोष संकेतस्थळाचा कमी, गप्प राहणाऱ्या सरकारांचा जास्त. संयुक्त राष्ट्रांच्या सायबर विषयावरील २०१९-२१ च्या तज्ज्ञ गटात भारत सदस्य होता, पण २०२१ मध्ये १५ देशांनी दिलेल्या भूमिकांचे जे अधिकृत संकलन निघाले, त्यात भारत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या सैन्यदलांनी सायबर मोहिमांचा संयुक्त सिद्धांत जनतेसाठी खुला केला, हे स्वागतार्ह पाऊल आहे. सैन्य ज्या कायदेशीर मर्यादा मानते, त्यांविषयी सरकारनेही तितक्याच उघडपणे बोलायला हवे.

कायद्याचे विद्यार्थी, संरक्षणविषयक लेखन करणारे पत्रकार, वीज मंडळ आणि बंदरांतील माहिती सुरक्षेचे अधिकारी यांनी हे संकेतस्थळ जरूर वापरावे. मोबाइलवर लांब पाने वाचणे त्रासाचे होते, म्हणून संगणकच बरा. सुरुवात पहिल्या क्रमांकापासून करू नये. आधी तिसरा प्रसंग, मग बारावा, आणि त्यानंतर सायबर मोहिमा चालवणाऱ्यांच्या कायदेशीर दर्जावरील अठरावा वाचावा, कारण गणवेश न घालता युद्धात उतरलेल्या हॅकरला नागरिकाचे संरक्षण कधी गमवावे लागते, हा प्रश्न युक्रेन युद्धापासून केवळ पुस्तकी राहिलेला नाही.