सेमिनरी हिल्सच्या चढावर ली बोंग-जू : एका मॅरेथॉन वर्गाविषयी

नागपुरात हौशी धावपटूंसाठी चालणाऱ्या प्रशिक्षणवर्गांपैकी सिव्हिल लाइन्समधील एका वर्गाची शिफारस मी करतो, ती तेथील शनिवारच्या अभ्याससत्रामुळे. पहाटेचा सराव आणि फुटाळा तलावाकाठची सपाट धाव इतरत्रही मिळते. येथे मात्र एका धावपटूची अख्खी कारकीर्द शर्यतीमागून शर्यत अभ्यासली जाते, आणि या हंगामासाठी प्रशिक्षकांनी दक्षिण कोरियाचा ली बोंग-जू निवडला.

निवड विचारपूर्वक केलेली दिसते, कारण या कारकिर्दीत विजयाइतक्याच हुकलेल्या शर्यतीही शिकवणाऱ्या आहेत. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये दक्षिण आफ्रिकेचा जोसिया थुग्वाने हा सुवर्णपदक विजेता लीच्या केवळ ३ सेकंद पुढे होता. फेब्रुवारी २००० मध्ये टोकियोत त्याने २ तास ७ मिनिटे २० सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, पण शर्यतीत तो दुसराच आला; त्याच वर्षी सिडनी ऑलिम्पिकमध्ये धावताना पडला आणि २४व्या क्रमांकावर राहिला. त्यानंतर सात महिन्यांच्या आत, एप्रिल २००१ मध्ये, त्याने २ तास ९ मिनिटे ४३ सेकंदांत बोस्टन मॅरेथॉन जिंकून तेथील केनियाच्या पुरुषांची सलग दहा विजयांची मालिका खंडित केली.

बोस्टनचे अवघड चढ साधारण २६व्या किलोमीटरनंतर, म्हणजे पाय थकलेले असताना लागतात. हे नकाशावर समजावून दिल्यानंतर प्रशिक्षकांनी दुसऱ्याच दिवशी आमच्या लांब पल्ल्याच्या धावेत सेमिनरी हिल्सचा चढ सुरुवातीऐवजी शेवटी घातला. ऐकलेले असे लगेच रस्त्यावर उतरवणे मला अन्य कोणत्याही वर्गात आढळले नाही. चाळिशीकडे झुकलेल्यांनी सर्वाधिक प्रश्न विचारले ते २००७ च्या सोल मॅरेथॉनविषयी, जी लीने छत्तिसाव्या वर्षी २ तास ८ मिनिटे ४ सेकंदांत जिंकली.

उणिवाही आहेत. कोरियन मॅरेथॉनची पूर्वपीठिका फारच घाईने उरकली जाते. देश जपानच्या अमलाखाली असल्यामुळे १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमधील मॅरेथॉनचे सुवर्णपदक सोन की-जोंगला जपानच्या नावावर स्वीकारावे लागले आणि १९५० च्या बोस्टनमध्ये पहिले तिघेही कोरियन होते, एवढे सांगून विषय आटोपला. माझ्या मते सोनला एक स्वतंत्र शनिवार द्यायलाच हवा होता. त्याहून गंभीर बाब अशी की, सरावाचे वेळापत्रक एप्रिल-मे महिन्यांतही बदलत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात सहा वाजता लांब धाव सुरू करणे शहाणपणाचे नाही. ती साडेचारलाच सुरू व्हावी.

शुल्क संपूर्ण हंगामाचे एकदम घेतात आणि मध्येच सोडल्यास परत करीत नाहीत, म्हणून नाव नोंदवण्यापूर्वी शनिवारचे एक सत्र बसून पाहावे. त्याला परवानगी मिळते. नव्याने धावू लागलेल्यांना हा वर्ग जड जाईल. एखादी अर्धमॅरेथॉन पूर्ण केलेल्यांनी मात्र पावसाळ्यात सुरू होणारी तुकडी निवडावी.