टायरचा स्किड स्टीअर की चेनचा ट्रॅक लोडर: गोव्याच्या जमिनीवर काय परवडेल?

जेसीबी वळत नाही अशा जागा पेडणे-बार्देशात पुष्कळ आहेत. दोन घरांमधली पाणंद, जुन्या घरामागचं परसू, तरणतलावाचा खड्डा आणि कुंपण यांच्यामधली आठ-नऊ फुटांची पट्टी. घमेल्यानं माती वाहायला माणसं मिळेनाशी झाली, तसे छोटे कंत्राटदार स्किड स्टीअर लोडर, म्हणजे जागच्या जागी वळणारं, माल उचलणारं छोटं मशीन, घ्यायचा विचार करू लागले. डीलरकडे गेलं की लगेच दुसरा प्रश्न येतो: टायरचा घ्यायचा की रबरी चेनचा (रणगाड्यासारख्या पट्ट्यांचा), म्हणजे कॉम्पॅक्ट ट्रॅक लोडर? माझं मत आधीच सांगतो. गोव्यातल्या बहुतेक छोट्या कंत्राटदारांनी टायरचंच मशीन घ्यावं. चेनचं ज्यांना खरोखर परवडेल अशी माणसंही इथे आहेत. ती कोण, हे त्यांची कामं कोणत्या जमिनीवर आहेत त्यावरून ठरतं.

दोन्ही मशिनांचा वरचा भाग जवळपास सारखाच. तीच केबिन, तसेच हात, तीच हायड्रॉलिक लाइन. बकेट, फोर्क, ब्रेकर, ऑगर, झाडू ही अटॅचमेंटही बहुधा दोन्हींना चालतात. वळण्याची पद्धतही एकच: एक बाजू वेगानं, दुसरी हळू किंवा उलटी फिरवायची. टायरवाल्याची चाकं कारसारखी वळतच नाहीत, ती जमिनीवर घासत सरकतात. खरा फरक आहे तो जमिनीला टेकणाऱ्या भागात.

टायरच्या मशिनाचा जमिनीवरचा दाब साधारण दर चौरस सेंटीमीटरला २ किलोच्या आसपास असतो, चेनच्याचा ०.३ किलोच्या. हा दुसरा आकडा उभ्या माणसाच्या पायाखालच्या दाबापेक्षाही कमी आहे. म्हणून ओल्या मातीत टायर रुततात, खोल चाकोऱ्या पाडतात आणि शेवटी जागच्या जागी फिरत बसतात; चेन मात्र वरून निघून जाते. कुळागरात याची किंमत कळते. पोफळी-नारळाच्या ओळींमध्ये पाट फिरवलेली मऊ, सावलीतली माती वर्षभर ओलसरच राहते. तिथे टायरच्या मशिनाच्या दोन-चार फेऱ्यांत माती दाबली जाते, पाट मोडतात, मुळं उघडी पडतात. सत्तरी, फोंडा, सांगे भागात ज्यांची बरीच कामं बागायतीतली आहेत, किंवा ज्यांना सुक्या रेतीवर सतत फिरावं लागतं, त्यांनी चेनच्या मशिनाचा विचार जरूर करावा. उतारावरच्या काजूच्या बागेतही चेनची पकड चांगली. मात्र पकड चांगली म्हणून ऑपरेटरनं धाडस करू नये. भरलेली बकेट चढाच्या दिशेनं पुढे, रिकामं असेल तर उलटं, म्हणजे रिव्हर्समध्ये चढायचं, हा नियम दोन्हींना लागू.

पण गोव्याची सगळी जमीन कुळागर नाही. आपल्याकडे जांभा आहे, आणि रबरी चेनचा तो मोठा शत्रू. फोडलेल्या चिऱ्यांच्या कडा धारदार असतात. त्यावर मशीन जागच्या जागी गर्रकन वळवलं की चेनच्या कडा कापल्या जातात, तुकडे निघतात. डांबर आणि काँक्रीटवर रोज ये-जा झाली तरी तेच. रबरी चेनचं आयुष्य चांगल्या वापरात साधारण १,२०० ते १,६०० तास धरतात. कातळावर आणि बेफिकीर ऑपरेटरच्या हाताखाली ते याच्या बरंच खाली येतं. चेनखाली रोलर, आयडलर, स्प्रॉकेट ही चेन धरणारी-फिरवणारी चाकं आहेत, तीही झिजतात. रोज संध्याकाळी चेनच्या आतली माती आणि अडकलेले दगड काढलेच पाहिजेत. पावसाळ्यात चिखल आत वाळून घट्ट झाला की रोलर फिरायचे थांबतात आणि चेन त्यांच्यावर घासत राहते. चेनचा ताणही नियमित पाहावा लागतो. टायरवाल्याला हवा आणि नट पाहिले की झालं, आणि टायर फाटला तरी म्हापसा-मडगावात कुणीतरी सापडतो.

हिशोब असा करा. डीलरकडून दोन चेनचा आणि चार टायरचा भाव लेखी घ्या. चेनच्या भावाला १,२०० नं भागा, टायरच्या भावाला ६०० नं. म्हणजे दर तासाला झिजेचा खर्च निघेल. त्यात चेनवाल्याचे रोलर-स्प्रॉकेट वेगळे मिळवा. मग स्वतःला विचारा, चेनचं मशीन आहे म्हणून गिऱ्हाईक मला तासाचा दर वाढवून देईल का? व्हिलाच्या कंपाउंडमधल्या सपाटीकरणाला कुणीच जास्त देत नाही. बागायतदार मात्र झाडं आणि पाट शाबूत राहतात हे पाहून देतो.

ब्रोशर वाचताना एक गोष्ट नीट पाहा, कारण इथे तुलना सहज चुकते. मशीन किती वजन उचलतं, तो रेटेड क्षमतेचा आकडा दोन्हींसाठी वेगळ्या पद्धतीनं काढलेला असतो. मशीन पुढे उलटायला लागेल ते वजन म्हणजे टिपिंग लोड. टायरवाल्याला त्याच्या ५० टक्के धरतात, चेनवाल्याला ३५ टक्के. समजा दोन्ही मशिनांचा टिपिंग लोड २,००० किलो आहे. टायरच्या पुस्तिकेत १,००० किलो लिहिलेलं दिसेल आणि चेनच्या पुस्तिकेत ७००. त्यामुळे दोघांचेही टिपिंग लोड मागून घ्या आणि तेच शेजारी ठेवा. हात कसा उचलतो हेही विचारा. गोलाईत उचलणारा हात खणायला, ढकलायला बरा. सरळ वर नेणारा टिप्परमध्ये माल भरायला आणि चिऱ्यांचे, टाइल्सचे पॅलेट उंचावर ठेवायला बरा.

आकार जागेवरून ठरवा. अगदी छोटं टायरचं मशीन जेमतेम ९० सेंटीमीटर रुंद असतं आणि वजनाला सव्वा टनाच्या आसपास. फाटकातून आत जातं. मधल्या आकाराचं अडीच टनांच्या आसपास जातं. त्याच ताकदीचं चेनचं अर्धा टन तरी जास्त भरतं, म्हणजे न्यायला मोठी गाडी आणि मजबूत रॅम्प हवा. डिचोलीहून काणकोणला मशीन न्यायचं असेल तर हा खर्च दर खेपेला अंगावर येतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. टायरचं मशीन बांधकाम उपकरण वाहन (सीईव्ही) म्हणून गणलं जातं. रस्त्यावर आणायचं तर नोंदणी आणि विमा लागतो. अशा नव्या यंत्रांना १ जानेवारी २०२५ पासून सीईव्ही स्टेज ५ चे प्रदूषण नियम लागले. या इंजिनांना डिझेल स्वच्छच हवं. बॅरलमध्ये महिनाभर पडलेलं, दमट हवेतलं पाणी मिसळलेलं डिझेल त्यात ओतू नका.

खाजनातलं, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीतलं काम चेनच्या मशिनाला जमतं, पण तेवढ्यावरून ते काम अंगावर घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. डोंगर कापणं आणि सखल जमिनीत भराव टाकणं यांवर नगर आणि ग्रामनियोजन कायद्याच्या कलम १७-अ खाली परवानगीशिवाय बंदी आहे. किनाऱ्यावर आणि खाडीकाठी सीआरझेडचे (किनारी नियमन क्षेत्राचे) नियम आहेत. पूर्वजांनी बांध आणि मानस (पाणी अडवायची-सोडायची दारं) घालून राखलेली ती शेती आहे. मालक 'परवानगी येतेच आहे' म्हणाला तरी कागद हातात येईपर्यंत मशीन आत घालू नका. बांधदुरुस्तीचं रीतसर काम असेल तर अवश्य करा, आणि त्या दिवशी मशीन गोड्या पाण्यानं खालून धुऊन काढा. खारट चिखल सील आणि पिनांना खातो.

मधला मार्गही आहे. काही टायरच्या मशिनांवर टायरवरून चढवायची पट्टी-चेन मिळते. टायर आणि बॉडीमध्ये पुरेशी जागा असेल तरच ती बसते, म्हणून कंपनीची संमती आधी घ्या. वर्षाला चार-सहा आठवडेच चिखलात काम असेल तर एवढ्यानं भागतं. आणि तुमचं मुख्य काम खणण्याचं असेल, म्हणजे पाया, सेप्टिक टँक, पाइपलाइन, तर दोन्ही सोडून मिनी एक्स्कॅव्हेटर पाहा. लोडर हा माल उचलायला, पसरायला, सपाट करायला आहे. खोल खड्डा तो कष्टानंच काढतो.

जेसीबी कंपनीच्या स्किड स्टीअरला एकच हात आणि बाजूनं दरवाजा असतो, त्यामुळे ऑपरेटर बकेटवरून न चढता आत बसतो. उंच हाताखालून ये-जा करताना होणारे अपघात पाहता मला ही सोय मोलाची वाटते. इतर बहुतेकांत पुढून चढावं लागतं; तिथे हात खाली टेकवून इंजिन बंद केल्याशिवाय उतरायचं नाही, हे ऑपरेटरला पहिल्या दिवशीच सांगा.

भारतात चेनचे लोडर टायरच्यांपेक्षा फारच कमी दिसतात. म्हणून चेनचं घेणार असाल तर सौद्याआधी डीलरला विचारा: माझ्या मापाची चेन आज तुमच्या गोदामात आहे का, आणि मेकॅनिक कुठून येणार, गोव्यातूनच की बेळगाव-पुण्याहून? उत्तर पटलं नाही तर टायरचंच घ्या. पटलं तर डेमो डीलरच्या आवारात न घेता स्वतःच्या कामावर मागा, शक्यतो जूनचा पहिला पाऊस पडून गेल्यावर, आणि सीटवर तुमचाच ऑपरेटर बसू द्या.