पद्मिनी गरम झाली की बंद पडायची, आणि माझा ओरिजिनल कार्ब्युरेटर गेला

नाशिकमध्ये ज्यांच्याकडे जुनी फियाट, पद्मिनी आहे त्यांनी हे वाचाच. बाबांची 1992 ची पद्मिनी आहे, 1089 सीसीचं इंजिन, अजून एकदम गोड चालतं. मार्चपासून मात्र सकाळी पहिल्या सेल्फला सुरू व्हायची, गंगापूर रोडवरून निघालो की द्वारकाच्या ट्रॅफिकमध्ये आचके देऊन बंद, मग वीस मिनिटं उभं राहायचं, थंड झाली की परत काही झालंच नाही अशी सुरू.

सातपूरकडच्या एका गॅरेजला दाखवली. तिथला मेकॅनिक बोनेट उघडायच्या आधीच म्हणाला, साहेब हा फ्युएलचा प्रॉब्लेम, आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा खराब होतो, शिवाय उन्हात पंपात वाफ धरते. आता या दोन्ही गोष्टी जुन्या गाड्यांत खरंच होतात, म्हणूनच मी फसलो. कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) खोलून साफ करायचे, म्हणजे ओव्हरहॉलचे, 3,500 दिले, मग पंप बदलला त्याचे 2,800, गाडी तशीच. तिसऱ्या वेळी म्हणाला इंजिन उतरवावं लागेल, 45,000 लागतील. स्पार्क, म्हणजे पेट्रोल पेटवणारी ठिणगी, त्याने एकदाही बघितली नाही, तिन्ही वेळा मी तिथेच उभा होतो.

शेवटी देवळाली कॅम्पच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. ते म्हणाले थंड गाडीत काही कळणार नाही, चला फिरवू. बंद पडली तिथेच, रस्त्याच्या कडेला, त्यांनी एअर क्लीनर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात बघायला सांगितलं आणि हाताने ॲक्सिलेटर ओढला, आत पेट्रोलची बारीक धार पडली. म्हणजे पेट्रोल येतंय. मग एअर क्लीनर परत बसवला, पेट्रोलचा वास जाऊ दिला, कॉइलची (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज बनवणाऱ्या भागाची) मधली वायर पक्कडीने ब्लॉकपासून चारपाच मिलिमीटरवर धरली आणि मला सेल्फ मारायला लावला. ठिणगी निळी आणि कडकड वाजणारी हवी, आमची पिवळट, मेलेली, मधूनच गायब. डिस्ट्रिब्युटरचं (ठिणगी प्रत्येक प्लगला वाटणारा भाग) झाकण काढलं तर आतले पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट चालू-बंद करणारे संपर्क, काळे पडून खड्डे पडलेले. पॉइंटला जोडलेला छोटा कंडेन्सर गेलेला होता. गरम झाला की काम सोडायचा आणि थंड झाला की परत धरायचा. शंभर-दीडशेची वस्तू हो! कंडेन्सर आणि पॉइंट नवे टाकले, फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) पॉइंटमधला गॅप लावला, त्यानंतर कसारा घाट उतरून चढून आलो, एकदाही बंद नाही.

पण खरं दुःख पुढे आहे. काका म्हणाले, हा कार्ब्युरेटर तुमचा नाही. बाबांनी आमच्या सोलेक्स कंपनीच्या कार्ब्युरेटरच्या झाकणाच्या कोपऱ्यावर आईच्या लाल नेलपेंटचा ठिपका दिला होता, तो नाही, स्क्रूपण वेगळे, आणि थ्रॉटलचा दांडा हाताने हलवला तर खटखट वाजतोय. ओव्हरहॉलच्या नावाखाली आमचा ओरिजिनल काढून घासलेला लावला होता. जाऊन विचारलं तर म्हणतो हाच होता, फोटो आहे का? फोटो नव्हता. बिलावर पण फक्त "कार्ब काम" लिहिलेलं, नंबर नाही काही नाही. जुना पंपसुद्धा मी मागून घेतला नव्हता.

म्हणून गाडी देताना कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, कॉइल यांचे नंबरसकट फोटो काढा, काढलेला पार्ट परत मागा, आणि स्पार्क तुमच्यासमोर दाखवल्याशिवाय कार्ब्युरेटरला हात लावू देऊ नका. आणि नाशकात कोणाला कोपऱ्यावर लाल ठिपका असलेला सोलेक्स विकायला आला तर प्लीज मला कळवा, तो बाबांनी स्वतः बसवलेला आहे.